अर्धा कोयता

मला आजवर कुठल्याही नोकरीवरून काढलेलं नाही. यात अभिमान वाटावा असं काही नाही. काढायचं तर आधी ठेवावं लागतं, हातात नेमणुकीचा कागद द्यावा लागतो, हजेरीपटावर नाव चढवावं लागतं. ऊसतोड, मोंढ्यातली आडत, खासगी शाळा, पुण्याकडचा कारखाना, एचआयव्ही प्रतिबंधाचा प्रकल्प अशी कामं करत मी वीसेक वर्षं काढली. त्यातल्या बहुतेक ठिकाणी मालकाच्या डायरीत माझं नुसतं पहिलं नाव होतं. तिथे ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणायचीसुद्धा कुणाला गरज पडली नाही. पुढच्या खेपेला बोलावलं नाही, की झालं.

मी समलिंगी आहे. आमच्या कळमनुरीत हे ठाऊक असलेले लोक आहेत, आणि ठाऊक असून तसं न दाखवणारे त्याहून जास्त आहेत. प्रेमाबिमाचं इथे काढत नाही. आमच्याविषयी जे छापून येतं त्यात मिरवणूक असते, झेंडा असतो, कोर्टाचा निकाल असतो. महिन्याचा हिशेब क्वचित असतो. मला तोच मांडायचा आहे.

आमच्या तालुक्यात काम म्हणजे शेती, हळदीच्या दिवसांत हळद काढणं-शिजवणं, हमाली, शाळा-कॉलेजं, आणि तहसीलच्या अवतीभवतीची छोटी दुकानं. त्यातून काही हाती लागलं नाही, तर दिवाळीच्या आगेमागे मुकादमाच्या ट्रकमध्ये बसून ऊसतोडीला जायचं. बारावीनंतर घरात कर्ज होतं म्हणून मीही एक हंगाम गेलो. मुकादम नात्यातलाच होता. उचल देताना त्याने पहिला प्रश्न विचारला, “लगीन कधी करायलास?” ऊसतोडीत मजूर एकेकटा मोजत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो तोडणार, ती वाढे कापून मोळ्या बांधणार, दोघं मिळून डोक्यावरून मोळ्या वाहून गाडी भरणार. उचल त्या जोडीवर मिळते. एकटा माणूस अर्धा कोयता. त्याला दुसऱ्या कुणाच्या तरी जोडीला चिकटवतात आणि उचलही अर्धीच देतात.

फडावर माझ्याविषयी कुणाला काही माहीत नव्हतं. मला कुणी हिणवलंही नाही. रात्री कोपीवर थोडी थट्टा व्हायची, पण ती सगळ्याच बिनलग्नाच्या पोरांची व्हायची. तरी तिथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. बाकीच्या पोरांचा अर्धेपणा दोन-तीन वर्षांचा होता. माझा कायमचा होता. आमच्याकडे लग्न ही कामाचीच एक पात्रता आहे. सालगडी ठेवताना शेतमालक जोडी बघतो, कारण एकाच्या सालात बायकोचंही काम मिळतं. वीटभट्टीवरही तेच. यात कुणाच्या मनात आमच्याविषयी द्वेष असतो असं नाही. तो त्यांचा हिशेब असतो, आणि त्या हिशेबात आम्ही बसत नाही.

पुढे मोंढ्यात एका आडतीवर लिहिण्याच्या कामाला लागलो. काटा झाला की पट्टी करायची, हमाली-तोलाई वजा करायची, शेतकऱ्याला हिशेब समजावून सांगायचा. हळद, सोयाबीन, तूर. माझं अक्षर चांगलं, बेरीज पक्की. शेठ खूश होते. दोनेक वर्षांनी कुणीतरी मला नांदेडला कुणाबरोबर तरी पाहिलं आणि ती बातमी शेठपर्यंत आली. त्यांनी मला आत बोलावलं. माझे पाय लटपटत होते. ते म्हणाले, “मला काय करायचंय तुझ्या भानगडीशी? काम चोख ठेव म्हणजे झालं.” मला वाटलं, देवमाणूस आहे. घरी जाऊन मी त्या माणसासाठी अक्षरशः हात जोडले.

त्या दिवसापासून माझा पगार जागचा हलला नाही. माझ्यामागून आलेला पोरगा, ज्याच्या बेरजा मीच तपासायचो, दोन दिवाळ्यांत माझ्या पुढे गेला. शेवटी धीर करून विषय काढला. शेठ शांतपणे म्हणाले, “दुसरीकडं बघायलास का? बघ की. फक्त मला कुणी इचारलं तर मी खोटं बोलणार नाही.”

धमकी इतक्या सज्जनपणे देता येते हे मला तोवर माहीत नव्हतं. मोंढ्यात दुसरी नोकरी मिळते ती पहिल्या मालकाच्या शब्दावर. एका आडतीवर कळलं म्हणजे सगळ्या ओळीला कळलं. मी जाऊ शकत नव्हतो, आणि मी जाऊ शकत नाही हे त्यांना कळलं होतं. ज्या मजुराला दार बंद आहे त्याला वाढ कशाला द्यायची? आपल्याला नोकरी मिळत नाही, असं आमच्यातले पुष्कळ जण म्हणतात. माझा अनुभव थोडा वेगळा आहे. नोकरी मिळते, पण स्वस्तात जावं लागतं. गुपित मालकाच्या हाती गेलं की दर महिन्याला पगारातून थोडं कापलं जातं, आणि ते कुठल्याच पट्टीवर लिहिलेलं नसतं. शेठ वाईट नव्हते, हेही नोंदवून ठेवतो. मुलीच्या लग्नात आहेराच्या याद्या त्यांनी माझ्याकडेच दिल्या होत्या. पैशाच्या बाबतीत माझ्याइतका विश्वास त्यांनी सख्ख्या पुतण्यावरही टाकला नसता.

दरम्यान बाहेरून बीए केलं, मग बीएड. एका विनाअनुदानित शाळेत मराठी शिकवायला लागलो. अशा शाळांची रीत ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. जूनमध्ये घेतात, एप्रिलपर्यंत पगार, मे कोरडा. सही मोठ्या रकमेवर, हातात लहान रक्कम. पुढच्या जूनमध्ये पुन्हा बोलावलं तर आपण शिक्षक, नाहीतर बेकार. तरी ते काम मला फार आवडायचं. स्नेहसंमेलनाचे नाच मीच बसवायचो. लेझीम, कोळीगीत, शेतकरी नृत्य. पालक टाळ्या वाजवून थकायचे.

मग एका पालकसभेत एक गृहस्थ उभे राहिले. “ह्या सरांचं चालणं-बोलणं बघून आमची पोरं काय शिकतील?” सभेत कुणी हसलं, कुणी खाली पाहिलं. नंतर संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांनी मला चहा पाजला आणि म्हणाले, “सर, तुम्ही गुणी आहात. पण आपलं सगळं पालकांवर चालतं.” जूनमध्ये फोन आला नाही. डिसेंबरमध्ये मात्र आला: “सर, गॅदरिंगचे नाच बसवून द्याल का? मानधन देऊ.” मी गेलो. पुढची काही वर्षंही जात राहिलो. ज्या चालण्यावरून वर्ग गेला, त्याच चालण्याचे पैसे पाकिटात घालून मिळत होते. लोक विचारतात, का गेलास? पैसे लागत होते म्हणून. आणि पोरांना नाच शिकवायला मजा यायची, हेही खरंच.

त्याच सुमारास, २०१०च्या फेब्रुवारीत, डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस यांची बातमी वाचली. हे नागपूरकडचे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवायचे, आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख होते, कवी होते. काही लोक कॅमेरे घेऊन त्यांच्या घरात घुसले, आणि दुसऱ्या दिवशी विद्यापीठाने घुसणाऱ्यांना सोडून समलिंगी संबंधांवरून सिरसांनाच निलंबित केलं. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला ते राहत्या खोलीत मृतावस्थेत सापडले. पुढे त्यांच्यावर ‘अलीगढ’ हा सिनेमा निघाला आणि नाव देशभर गेलं, पण मला ते वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर भेटले होते. मराठीचा मास्तर, माझ्यासारखाच. फरक असा, की त्यांची नोकरी पक्की होती. पक्की नोकरी मिळाली की आपण सुटलो, ही माझी समजूत त्या आठवड्यात गेली. पण दुसरीही एक गोष्ट लक्षात आली. त्यांच्या निलंबनाला स्थगिती मिळू शकली, कारण ते निलंबन कागदावर होतं. मी कोर्टात गेलो असतो तर कशाला स्थगिती मागणार होतो? न आलेल्या फोनला?

शाळा सुटल्यावर पुण्याची ट्रॅव्हल्स पकडली. चाकणला ठेकेदाराकडून एका कारखान्यात लागलो. हिंगोली-परभणीकडची पोरं एका खोलीत दाटीवाटीने राहायची. पाळी बदलली की अंथरूण बदलायचं. कारखान्यात कोण कुठला, कुणाला फिकीर नव्हती, आणि त्याचं मला मोठं सुख वाटायचं. यंत्राला माझं चालणं खटकत नव्हतं. घोटाळा खोलीत झाला. एकाने माझा फोन हातात घेतला, काही मेसेज वाचले, आणि रात्री माझी बॅग दाराबाहेर आली. दुसऱ्या दिवशी मी पाळी केली, तिसऱ्याही दिवशी केली. झोपायला जागा नव्हती. खोल्या बघायला गेलो की पहिला प्रश्न, “फॅमिली का बॅचलर?” ओळखीचा माणूस सोबत आणा म्हणायचे, आणि ओळखीची सगळी माणसं त्या खोलीत होती. आठवड्याभरात कळमनुरीला परतलो. ठेकेदाराच्या वहीत माझ्या नावापुढे ‘काम सोडले’ असंच लिहिलं गेलं असणार, आणि कारखान्याच्या बाजूने पाहिलं तर त्यात चूक काहीच नाही.

म्हणून २०१७मध्ये कोची मेट्रोची बातमी आली तेव्हा मला नवल वाटलं नाही. मेट्रोने २३ तृतीयपंथींना कामावर घेतलं म्हणून देशभर कौतुक झालं, आणि काही दिवसांतच त्यातल्या काहींनी काम सोडलं. शहरात भाड्याने घर मिळेना, लॉजचं भाडं परवडेना. नोकरी देणाऱ्याची नियत साफ असली तरी घरमालक ती नोकरी काढून घेऊ शकतो. आपल्याकडेही पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२२मध्ये तृतीयपंथींना सुरक्षारक्षक म्हणून, उद्यानांच्या कामावर आणि ग्रीन मार्शल म्हणून घेतलं. पाऊल चांगलंच होतं. पण बातमी वाचताना माझं पहिलं लक्ष गेलं ते, पगार कोणाच्या नावाने निघणार आणि करार किती दिवसांचा, याकडे. सवयच लागली आहे.

माणसाला आपल्यासारखं असण्याचाच पगार मिळावा अशी एक जागा आमच्या जिल्ह्यांत आहे. एचआयव्ही प्रतिबंधाचे प्रकल्प. आम्ही त्याला नुसतं ‘टीआय’ म्हणतो. बसस्टँड, रेल्वे स्टेशन, मैदानं अशा ठिकाणी जाऊन आपल्यातल्या लोकांना भेटायचं, कंडोम द्यायचे, सरकारी दवाखान्यात तपासणीला न्यायचं, औषध सुरू असेल तर ते चुकतंय का बघायचं. मुलाखतीत मला विचारलं, “तुम्ही कम्युनिटीतले का?” आयुष्यात पहिल्यांदा ‘हो’ म्हटल्यावर काम मिळालं. नेमणूकपत्रही मिळालं, ३१ मार्चपर्यंतचं. दरवर्षी मार्चच्या शेवटी आमचं काळीज वर-खाली व्हायचं. निधी लांबला की मानधन महिनोन्‌महिने लांबायचं, आणि आम्ही पदरच्या पेट्रोलने फिल्डवर जायचो, कारण ज्यांना तपासणीला न्यायचं कबूल केलं होतं ती माणसं वाट बघत असायची. आणि आतही पायऱ्या होत्याच. हिशेबाच्या आणि मॅनेजरच्या खुर्चीत बोलाचालीने ‘नीट’ वाटणारी माणसं, आणि साडी नेसून उन्हात फिरणाऱ्या सगळ्या ‘पिअर’, सगळ्यात कमी मानधनावर. मी शिकलेलो, शर्ट-पँटमधला, म्हणून मला वरची पायरी मिळाली. हे बाहेरच्यांनी केलेलं नव्हतं.

त्या कामात तृतीयपंथींच्या एका गुरूशी घरोबा झाला. सगळे तिला मावशी म्हणत. तिच्या चेल्या बाजार मागायच्या, पोर झालेल्या घरी बधाईला जायच्या. तिच्यातली एक पोरगी हट्टाने रखवालदाराच्या नोकरीला लागली आणि काही महिन्यांत परत आली. मावशी मला म्हणाली, “बारा तास उभं राहून जेवढं मिळतं तेवढं बाजारात मिळतं. शिव्या दोन्हीकडं हायेत. बाजारातली शिवी निदान रोज नव्या माणसाची असती.” मला या हिशेबाचं उत्तर देता आलं नाही. लोक यांना सहज म्हणतात, धडधाकट आहात, मेहनत करा. एकदा एका कापड दुकानदाराने दहाची नोट देत असंच सुनावलं. मी सोबत होतो. मी विचारलं, “काका, तुमच्याकडे साड्या दाखवायला ठेवता का हिला? रंगाची जाण चांगली आहे.” ते हसले, आणि आणखी एक दहाची नोट काढली.

हल्ली माझं तहसीलच्या रस्त्याला एक छोटं दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, पीकविमा, उताऱ्यांच्या प्रती. भरतीच्या दिवसांत पोरांची रीघ लागते. २०२२ची पोलीस भरती मला चांगली आठवते. अर्जात स्त्री आणि पुरुष एवढेच दोन रकाने होते. आर्या पुजारी आणि निकिता मुख्यदल या तृतीयपंथी उमेदवारांनी त्याविरुद्ध दाद मागितली, मॅटने म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाने त्यांच्या बाजूने आदेश दिला, सरकार त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेलं, आणि तिथे डिसेंबरमध्ये न्यायालयाने सरकारला खडसावल्यावर तिसरा रकाना उघडला. शारीरिक चाचणीचे नियम त्यानंतर करायचे ठरले. नालसा निकालाने तृतीयपंथींची ओळख मान्य केली ती १५ एप्रिल २०१४ला. म्हणजे एका रकान्याला आठ वर्षं लागली. कर्नाटकाने तर त्याआधीच, २०२१मध्ये, सरकारी नोकऱ्यांत तृतीयपंथींसाठी एक टक्का समांतर आरक्षणही ठेवलं होतं.

माझ्या ओळखीची एक जण तेव्हा पहाटे पळायला जायची. मी तिला निरोप धाडला, रकाना आलाय, ये. ती आली, बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसली आणि फॉर्म न भरता गेली. तिचं म्हणणं साधं होतं. निवड झाली की चारित्र्य पडताळणी होणार, पोलीस गावात जाऊन विचारणार, आणि ज्या घराने ‘पोरगा पुण्याला कंपनीत आहे’ असं सगळ्यांना सांगून ठेवलंय ते घर उघडं पडणार. नोकरी लागण्याच्या आधीच घर जाणार होतं.

दुकानात बसून मी कायदाही वाचला. २०१९च्या तृतीयपंथी हक्क संरक्षण कायद्यात नोकरीत भेदभाव करू नये असं कलम ९मध्ये स्वच्छ लिहिलं आहे. प्रत्येक आस्थापनेने तक्रार अधिकारी नेमावा असं कलम ११ सांगतं. मग शिक्षेचं कलम १८ वाचलं. वेठबिगारी, सार्वजनिक जागेत अडवणं, घराबाहेर काढणं, शारीरिक-मानसिक छळ यांना सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा होती. कामावर न घेणं किंवा काढून टाकणं त्या यादीत नव्हतंच. २०२५च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने जेन कौशिक या तृतीयपंथी शिक्षिकेला नुकसानभरपाई दिली. दोन खासगी शाळांत तिची नोकरी गेली होती, एक उत्तर प्रदेशात, एक गुजरातेत. समान संधीचं धोरण आखायला न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती आशा मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली. ती बातमी मी दुकानातल्या दुकानात दोनदा वाचली. शाळेची गोष्ट होती ना. माझ्यासारख्याला मात्र त्या कायद्याची सावली नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८च्या निकालाने आम्ही गुन्हेगार राहिलो नाही, हे खरं. पण खासगी मालकाने समलिंगी म्हणून घरी बसवलं, तर त्याला थेट जाब विचारणारं कलम आजही नाही.

तेव्हा आमच्यातली जी पोरं सल्ला विचारायला येतात, त्यांना मी भेदभावाविषयी फारसं बोलतच नाही. मी म्हणतो, पगार बँकेतच घे, रोखीने घेऊ नको. सुट्टी तोंडी मागू नको, मेसेज टाक. हजेरीच्या पानाचा फोटो काढून ठेव. कोऱ्या व्हाउचरवर सही करू नको. ई-श्रमचं कार्ड मी काढून देतो. भेदभाव सिद्ध करायला आपण कोण ते सांगावं लागतं. थकलेला पगार मागायला ते सांगावं लागत नाही. आडतीवर माझ्याकडे असे कागद असते तर शेठनी कुणाला काय सांगितलं असतं याची भीती उरलीच असती, पण निदान लढायला एक टोक हाती लागलं असतं. एका हॉटेलवर काम करणाऱ्या पोराने अशाच मेसेजच्या जोरावर अडकवून ठेवलेला पगार काढून घेतला. मालकाला शेवटपर्यंत कळलं नाही की हा एवढा चिवट का झाला. नोव्हेंबर २०२५पासून नव्या कामगार संहितांनी नेमणूकपत्र देणं बंधनकारक केलं आहे. मोंढ्यात मी अजून एकही पाहिलेलं नाही, पण फॉर्मचा नमुना करून ठेवला आहे, कुणी मागितला तर.

दुकान स्वतःचं, तरी गाळा भाड्याचा आहे. अकरा महिन्यांचा करार असतो. यंदा मी मालकाला म्हटलं, पाच वर्षांचा करून टाकू, मशिनवर कर्ज काढायचं आहे, बँक करार बघते. ते म्हणाले, “करू की. आधी लगीन करा, फॅमिली आणा. एकट्या माणसाचा काय भरोसा, आज हाय उद्या नाही.” मी वाद घातला नाही. महिन्याला पाचशे जास्त देतो म्हणालो. त्यांनी थोडा विचार केल्यासारखं केलं आणि तीन वर्षांवर तोडलं.